अंकुश नावाचा कळस

ऐंशीच्या दशकात बीड, परळी, अंबाजोगाईत जे तरुण होते, त्यांनी नंदू भेंडे यांचा आवाज नक्की ऐकलेला आहे. नाव मात्र त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असेल. १९८२ सालच्या ‘डिस्को डान्सर’मधलं ‘कृष्णा धरती पे आजा तू’ हे गाणं त्यांनी गायलं. पडद्यावर मिथुन, संगीत बप्पी लाहिरींचं, त्यामुळे गाणाऱ्याची चौकशी कुणी केली नाही. एप्रिल २०१४ मध्ये ते गेले तेव्हा मुंबई-पुण्यातल्या जाणत्यांना हळहळ वाटली. मराठवाड्यात त्या बातमीवर फारसं बोलणं झालेलं मला आठवत नाही. मराठीत रॉक गाणारा पहिल्या फळीतला हा गायक आपल्या चर्चेतून इतका सहज निसटावा, हे मला मनापासून खटकतं.

आत्माराम आणि आशा भेंडे या नाटकवेड्या दांपत्याचा हा मुलगा. घरात मराठी रंगभूमी आणि कानात इंग्रजी रॉक. सत्तरच्या दशकात मुंबईतल्या बँडमधून ते गाऊ लागले. अलेक पदमसी यांनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीतनाट्य मुंबईत उभं केलं, तेव्हा त्यातला ज्यूडास त्यांच्या वाट्याला आला. ज्या शिष्यानं गुरूला धरून दिलं त्याचा संताप आणि पश्चात्ताप गळा फाडून गायचा, अशी ही भूमिका. तिनं त्यांचं नाव झालं. मग १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ हे नाटक आलं आणि चार वर्षांनी ‘डिस्को डान्सर’. पुढची तीसेक वर्षं दूरदर्शन मालिकांचं संगीत, जाहिराती आणि जुन्या इंग्रजी गाण्यांचे कार्यक्रम, यांत गेली.

मग कळस कोणता? इंग्रजी रंगभूमीवाले ज्यूडासकडे बोट दाखवतात. हिंदी सिनेमाचे रसिक म्हणतात, देशभर आणि पार सोव्हिएत रशियापर्यंत पोचलं ते डिस्कोचं गाणं. मला दोन्ही पटत नाहीत. ज्यूडासचे शब्द आणि चाली परक्या होत्या, त्या उत्तम पेलणं हे कौशल्य खरं, पण त्या मुळात लंडन-न्यूयॉर्कसाठी बांधलेल्या. डिस्कोच्या गाण्यात गायकाला स्वतःचं म्हणून काही करायला जागाच थोडी. त्या गाण्याची चाल ‘जीझस’ नावाच्या परदेशी गाण्यावरून घेतलेली. ज्यूडास गाजवलेल्या गायकाकडे ती कृष्णाचं नाव घेऊन यावी, हा योगायोग विलक्षण खरा, पण योगायोगाला कळस म्हणता येत नाही.

‘तीन पैशाचा तमाशा’ची गोष्ट वेगळी. जॉन गे यांचा १७२८ चा ‘बेगर्स ऑपेरा’, त्यावरून ब्रेख्त आणि कुर्त वाइल यांनी १९२८ मध्ये केलेलं संगीतनाट्य आणि त्यावरून पुलंचं हे मराठी नाटक. थिएटर अकॅडमीनं ते केलं, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं. त्यात नाट्यसंगीताचा बाज होता, लावणी होती आणि गुंड अंकुशाच्या तोंडी रॉक होतं. अंकुश झाले होते नंदू भेंडे. मराठी नाटकातला गायक स्वर लांबवतो, तान घेतो, टाळीची वाट पाहतो. रॉक गाणारा शब्दावर घाव घालतो, ताल पुढे ढकलतो, आवाजाला मुद्दाम खरखर आणतो. या दोन रीती एकाच रंगमंचावर, एकाच प्रेक्षकासमोर, मराठी शब्दांतून भिडल्या. गिटारच्या ठेक्यावर मराठी उच्चार अवघडून बसत नाही, हे तिथं गळ्यानं सिद्ध झालं. मी कळस मानतो तो हाच.

कळसाचा हा वाद जगभर चालतो. बॉब डिलनचे १९६५-६६ मधले तीन अल्बमच खरे, असं म्हणणारे आहेत. त्यांना १९७५ आणि १९९७ मधले अल्बम दाखवणारेही आहेत. डेव्हिड बोवीनं तर मृत्यूच्या दोन दिवस आधी, ८ जानेवारी २०१६ ला, नवा अल्बम काढला आणि सगळा हिशेब पुन्हा मांडायला लावला. आमच्या जिल्ह्याची मोजपट्टी मात्र निराळी आहे. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे पखवाजवादक पद्मश्री शंकरबापू आपेगावकर यांच्याबद्दल ‘त्यांची चांगली वर्षं कोणती’ असा प्रश्न इथं कुणी विचारत नाही. वारकरी भजनातल्या आणि शास्त्रीय बैठकीतल्या वादकाचं वय त्याच्या पुण्याईत धरलं जातं. हात जुना होतो तसा बोल खोल होतो, अशी श्रोत्यांची श्रद्धा असते आणि त्या श्रद्धेमुळे वादकाला साठीनंतरही बोलावणं येतं. रॉक गाणाऱ्याला हा श्रोता मिळत नाही. त्याच्याकडून लोक त्याचं पंचविसावं वर्षच मागत राहतात.

म्हणून भेंडे यांच्या उत्तरार्धाला उतरण म्हणताना जपून बोलावं. ऐंशीच्या दशकात मराठी कॅसेटचा बाजार भावगीतं, अभंग, भीमगीतं आणि लोकगीतं यांवर चालत होता आणि त्या गाण्यांनी खेड्यापाड्यांत मोलाचं काम केलं. पण मराठी रॉकला कुठल्या कंपनीनं आधार दिला नाही. विजेची गिटार, अँप्लिफायर ही परदेशी सामग्री महाग. नाटकाला दौरे असतात, बँडला तसे नव्हते; औरंगाबादलाही नाही, मग बीडची काय कथा. नव्वदीत उपग्रह वाहिन्यांवरून पॉपची लाट आली तेव्हा तिला विशीतले चेहरे हवे होते. ‘ऐका दाजिबा’ हे मराठी पॉप गाणं गाजेपर्यंत तर ‘तमाशा’ला वीसेक वर्षं उलटून गेली होती. मालिकांचं संगीत करणं हा यात पोटाचा आणि प्रामाणिक मार्ग होता. जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांनाही मी कमी लेखणार नाही. पन्नाशी उलटल्यावर विशीतली गाणी त्याच पट्टीत, उभ्यानं, प्रेक्षकांना नाचवत गाणं हे दमसासाचं काम आहे.

तरी एक सल राहतेच. अंकुशासारखी दुसरी भूमिका त्यांना मिळायला हवी होती, आणि ती मराठीतच मिळायला हवी होती. कळसानंतरचं दुसरं मोठं काम एकटा गायक उभं करू शकत नाही. त्याला शब्द लिहिणारा लागतो, ते उभं करणारी संस्था लागते. १९७८ मध्ये पुलं, जब्बार पटेल आणि थिएटर अकॅडमी हे तिन्ही एकत्र आले होते. पुढं मराठी नाटकानं रॉककडे त्या तयारीनं पुन्हा पाहिलं नाही, आणि आवाज तर अजून शाबूत होता.