32 इंचांतला रोही

बालवाडीच्या वयातील, म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दूरचित्रवाणीवरून प्राण्यांची ओळख करून देणे हे वरवर पाहता फारच सोपे शिक्षण वाटते; प्राणी हलतो, ओरडतो, धावतो, निवेदक त्याचे नाव घेतो आणि मूल ते नाव उचलते. मात्र या ओळखीतले बरेचसे काम पडद्याच्या अलीकडे, मुलाशेजारी बसलेल्या माणसाकडून होत असते, आणि ते किती बारीक असते हे वर्धा जिल्ह्यात एका शब्दावरून ध्यानात येते. कुरंगवर्गातील ज्या थोराड जनावराला प्रमाण मराठी आणि तिच्यामागोमाग शैक्षणिक कार्यक्रमांचे निवेदक नीलगाय म्हणतात, त्याला इथल्या शिवारात रोही म्हणतात. गाय तर तो नव्हेच; आणि निळसर करडा रंगही फक्त वयात आलेल्या नराचा, मादी पिवळट तपकिरी असते.

सेलू तालुक्यात, बोर व्याघ्र प्रकल्पालगतच्या एका गावातील पाच वर्षांच्या मुलीला हे दोन्ही शब्द येत होते, परंतु ते एकाच जनावराचे आहेत याचा तिला पत्ता नव्हता, आणि प्रस्तुत निरीक्षणाला निमित्त झाले ते एवढेच. रोही म्हणजे रात्री तुरीत शिरणारा, ज्याच्यापायी आबाजी जागलीला, म्हणजे पिकाच्या रात्रराखणीला जातात तो. तिने तो कधी पाहिला नव्हता, घरातल्या बोलण्यात फक्त ऐकला होता. नीलगाय म्हणजे टीव्हीतल्या हिरव्या कुरणात संथ संगीताच्या साथीने चरणारे, कोणाचेही काही न बिघडवणारे देखणे जनावर. कार्यक्रमात ते दिसताच मुलीने पाठ केलेले नाव म्हटले, तेव्हा शेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या आजीने मान वर केली आणि म्हटले, “हा तं रोही व्हय वं माय. आपल्या तुरीत येते थोच हा.” मुलीचा त्यावर विश्वास बसला नाही. तुरीतला रोही मोठा असतो, हा तर एवढासा आहे, असे तिचे म्हणणे होते, आणि ते चुकीचे म्हणता येणार नव्हते.

घरातील टीव्ही 32 इंची आहे. 32 इंचांत वाघ वीतभर असतो, हत्तीही वीतभर आणि मुंगी जवळून दाखवली की तीही वीतभर. टीव्हीशेजारच्या फळीवर तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी ठेवलेला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात मुले चाकांवरचे असे नंदी सजवून दारोदार नेतात आणि घरोघरी त्यांच्या हातावर खाऊ किंवा पैसे, म्हणजे बोजारा, ठेवला जातो. तान्हा पोळा तो हाच. मुलीच्या हिशेबी पडद्यावरच्या हत्तीपेक्षा हा नंदी उंच होता. चित्रवाणीच्या शिक्षणातील हा दोष निर्मात्याचा म्हणता येत नाही, कारण चौकटीला मोजमाप नसते. ते बाहेरून आणावे लागते. आजीने ते आणले ते असे की शेंगांचे सूप बाजूला ठेवून ती उभी राहिली, आपल्या खांद्यावर हात ठेवून “त्याची पाठ इथलोक” म्हणाली, आणि नंतर मुलीला दारात उभी करून तिच्या डोक्याच्या बऱ्याच वर दाराच्या चौकटीवर बोट टेकवले. प्रौढ नर खांद्याशी साधारण सव्वा ते दीड मीटर उंच भरतो, म्हणजे आजीचे माप बरोबर होते. पुढचा बराच वेळ मुलगी टीव्हीकडे न पाहता त्या चौकटीकडेच पाहत राहिली.

महाराष्ट्रात मुलांसाठी चित्रवाणी वापरण्याची कल्पना नवी नाही. पुण्याची बालचित्रवाणी ही शासकीय संस्था 1984 मध्ये स्थापन झाली, तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून खेड्यापाड्यांत पोचत राहिले आणि 2017 मध्ये ती बंद करण्यात आली. त्यानंतर तीनच वर्षांनी टाळेबंदीने शाळांची दारे लावली, तेव्हा ‘टिलीमिली’ ही मालिका सह्याद्री वाहिनीवर आणावी लागली. ती पहिलीपासून पुढच्या इयत्तांसाठी होती. बालवाडीच्या मुलांचा वर्ग त्यात धरलेला नव्हता, आणि मोठ्या भावंडांच्या मांडीला मांडी लावून त्यांनी जे पाहिले असेल तेच त्यांच्या वाट्याला आले.

अगदी लहान मूल समोरच्या माणसाकडून जे चटकन उचलते, तेच पडद्यावरून कमी उचलते. या फरकाला बालमानसशास्त्रात ‘चित्रफितीची तूट’ अशा अर्थाची संज्ञा आहे. ही तूट तिसऱ्या वर्षानंतर कमी होत जाते, तथापि पडद्यावर कळलेले बाहेरच्या वस्तूला लावून पाहणे पाचव्या वर्षीही आपोआप घडतेच असे नाही. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला फार तर एक तास पडदा, आणि तोही मोठ्यांच्या सोबतीने, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. या एका तासाची चर्चा पुष्कळ होते, सोबतीची कमी होते. सोबत म्हणजे नुसते जवळ बसणे नव्हे, हे मात्र या घरात दिसले; आजीचे हात शेंगांत होते, पण कान निवेदकाच्या शब्दांवर होते आणि चूक ऐकू येताच ती बोलत होती.

गायीच्या बाबतीत तर तिला अधिकच बोलावे लागले. कार्टूनमधील गाय काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची, गुलाबी सडांची, युरोपीय वळणाची होती. वर्धा जिल्ह्याची स्वतःची गाय गवळाऊ, पांढरी किंवा राखाडी, अंगाने हलकी. मराठ्यांच्या फौजांना झपाट्याने सामान वाहणारे बैल हवे होते, त्यातून ही जात घडत गेली असे सांगितले जाते. आर्वी आणि कारंजा भागात ती आजही दिसते, आणि तिच्या पैदाशीसाठी हेटीकुंडीला शासकीय प्रक्षेत्र आहे. घरच्या गोठ्यात अशीच पांढरी गाय बांधलेली असताना मुलीने पाटीवर काढलेल्या गायीला काळे ठिपके होते. आजीने ते पुसले नाहीत. तिने मुलीला गोठ्यात नेले, गायीच्या पाठीवर तिचा हात फिरवला आणि ठिपके शोधायला सांगितले. मुलीला त्याऐवजी एक गोचीड सापडली, आणि उरलेली संध्याकाळ गोचिडीतच गेली.

1937 च्या ऑक्टोबरमध्ये याच वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि मुलाचे शिक्षण त्याच्या हातांपासून आणि परिसरापासून सुरू व्हावे, असे मांडणारी नयी तालीम तिथून पुढे आली. गोचिडीची ती संध्याकाळ त्या विचारात सहज बसली असती. 32 इंची पडदा बसला असता का, याविषयी शंका घेता येते, आणि तरीही त्या पडद्यावाचून या मुलीला रोह्याचे तोंड पाहायला मिळाले नसते, कारण जागलीच्या वेळी ती झोपलेली असते.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत सेविकेने प्राण्यांचा तक्ता भिंतीवर लावला. त्यावर वाघ, सिंह, हत्ती, जिराफ आणि झेब्रा होते. मुलीने तक्त्याजवळ जाऊन जिराफाच्या मागे आणि झेब्र्याच्या पायांमध्ये बोटाने शोधले, आणि मग सेविकेला विचारले, “बाई, रोही कुठी हाय?”