एका झाडाचा आंबा

"गोड हवे की कडू?"

सिंगापूरच्या गेलांग भागातल्या फळवाल्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. फळे विकणारा माणूस गिऱ्हाइकाला ‘कडू देऊ का’ असे विचारतो, हे माझ्या जवळजवळ साठ वर्षांच्या आयुष्यात प्रथमच घडत होते. २०१८ सालचा जून महिना. बँकेतल्या नोकरीचे शेवटचे वर्ष सुरू होते, साठलेली रजा खर्ची टाकायची होती, म्हणून आम्ही दोघे लेकीकडे गेलो होतो. जावईबापूंनी पहिल्याच रविवारी दुरियन खायला नेले. ही नाकाला पदर लावून दुकानाबाहेर उभी राहिली ती शेवटपर्यंत आत आली नाही. तिचे चुकले असे म्हणवत नाही. त्या वासात कांदा होता, गॅसची गळती होती, आणि आणखीही काही होते, जे रविवार सकाळच्या चहाबरोबर वाचण्यासारखे नाही. तिथल्या लोकल गाडीत दुरियन न्यायला बंदी असल्याच्या पाट्या आहेत. हॉटेलेही दारातच अडवतात.

मी मात्र खाल्ले. हातात प्लास्टिकचे मोजे चढवून खाल्ले. पहिला घास मुकाट्याने गिळला, दुसरा सावधपणे घेतला आणि तिसऱ्याला आपल्याला काहीतरी कळू लागले आहे असे वाटले. घट्ट आटवलेल्या बासुंदीत कुणी किंचित कडवटपणा आणि किंचित दारू कालवावी, तसे काहीसे. ‘मुसांग किंग’ वेगळे, ‘डी २४’ वेगळे. मलेशियाच्या कृषी खात्याने एकेका वाणाची नोंद करून त्याला ‘डी’ आणि क्रमांक दिलेला आहे. मुसांग किंगची नोंद १९९३ ची, १९७ क्रमांकाची. मी बँकेतला माणूस. फळाला खातेक्रमांक असतो हे ऐकून मला फारच घरच्यासारखे वाटले.

पुढच्या आठवड्यात आम्ही पेनांगला गेलो. तिथे बालिक पुलाऊ म्हणून डोंगरउताराचा भाग आहे. हंगामात लोक लांबलांबून तिथे केवळ दुरियन खायला येतात. झाडांखाली जाळी बांधलेली असतात. तिकडे दुरियन तोडत नाहीत, ते आपले आपण पडायची वाट पाहतात. ‘दुरी’ म्हणजे मलय भाषेत काटा. असे काटेरी, दोन-तीन किलोंचे फळ डोक्यात पडले तर माणूस दुसऱ्या दुरियनला उरणार नाही, म्हणूनही ती जाळी. बागवान एकामागून एक फळे फोडतो, सौम्य आधी, कडू शेवटी. सगळ्यात शेवटी त्या म्हाताऱ्या बागवानाने एक लहानसे, वेडेवाकडे फळ फोडले. त्याला ना क्रमांक होता ना नाव. आजोबांच्या वेळचे, बीपासून आपोआप उगवलेले झाड. त्याच्या जोडीचे दुसरे कुठेच नाही, असे तो म्हणाला, आणि मग लेकीला त्याने विचारले, तुमच्या मुलखात लोक कोणते फळ खायला प्रवास करतात?

"हापूस," ती म्हणाली. मीही मान डोलावली. डोळ्यांसमोर मात्र हापूस नव्हता. धानोऱ्याच्या एका बांधावरचा शेप्या होता.

(जाता जाता एक सांगून टाकतो. काट्यांमुळे दुरियन आपल्या फणसाचे भावंड वाटते, पण दोघांचे नाते नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला ज्या उपकुळात बसवतात त्यात आपली मुरुडशेंग येते. तीच ती पीळदार, तान्ह्या बाळाच्या गुटीत उगाळायची. सातपुड्यात ती भरपूर आहे. बारशाच्या आधीच आपण दुरियनच्या चुलतबहिणीला चाखलेले असते म्हणायचे!)

धानोऱ्याला मी १९८९ च्या पावसाळ्यात रुजू झालो. धानोरा नंदुरबार तालुक्यातले, गुजरातच्या हद्दीजवळचे. तेव्हा नंदुरबार हा जिल्हा नव्हता. तो धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. मी तिशीतला, नवा नवा अधिकारी, नाकाच्या शेंड्यावर नियम घेऊन वावरणारा. मोटारसायकलवरून शिवारे पालथी घालायची, विहीर, मोटार, बैलजोडी पाहायची आणि तपासणीच्या नमुन्यात रकाने भरायचे. त्या नमुन्यात एक ओळ झाडांची असे. आंबा अमुक, महू तमुक, साग इतके. किंमत लाकडाच्या हिशेबाने.

असाच एका उन्हाळ्याच्या अखेरीस एका शेतकऱ्याच्या बांधावर उभा राहून मी लिहीत होतो, ‘आंबा, ४, जुनी’. त्यांना सारे गाव आबा म्हणे. आबांनी माझ्या हातातली लेखणी हळूच धरली आणि अहिराणीत म्हणाले, "साहेब, आधी खाई दखा, मंग लिखा." आधी खाऊन बघा, मग लिहा.

बांधावरच्या त्या चार झाडांचे चार आंबे त्यांनी माझ्यापुढे ठेवले. देठाकडचा चीक आधी पिळून टाकायला लावला, नाहीतर ओठ उततात. मग आंबा मऊ करून चोखायचा. खोबऱ्या गरीब स्वभावाचा, पांढरट गराचा, ओल्या खोबऱ्याची आठवण देणारा. शेंदऱ्या नावाप्रमाणे रंगाने देखणा आणि चवीला आंबटढोण. गोटी तर एका घासाचीही नव्हे. आणि चौथा शेप्या. शेपूची भाजी मला लहानपणापासून नकोशी. पण त्या आंब्याच्या गोडव्याच्या मागून, जीभ सुटायच्या बेताला, शेपूचा जो वास यायचा त्याने मी चकित झालो. पहिल्यांदा नाक मुरडावे आणि तिसऱ्यांदा हात पुढे करावा, असा तो आंबा. सात-आठ खाल्ले असतील. तपासणीचा कागद रसाने डागाळला. तो मी कचेरीत येऊन पुन्हा नवा लिहिला.

अशी नावे महाराष्ट्रात गावोगाव होती. साखऱ्या, केळ्या, लोण्या, नारळ्या, काळ्या. कोकणात रायवळ आणि बिटकी म्हणतात, आमच्याकडे गावठी. ही जातींची नावे नव्हेत, एकेका झाडाची आहेत. या गावचा शेप्या आणि शेजारच्या गावचा शेप्या वेगळा. आंब्याचा मोहोर माश्या-किड्यांच्या मदतीने परागीभवन करतो. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीतून उगवणारे रोप आईसारखे निघत नाही, जसे आपले मूल हुबेहूब आपल्यासारखे निघत नाही. तेच झाड पुन्हा हवे तर त्याची काडी घेऊन कलम बांधावे लागते. हापूस, केसर जगभर गेले ते कलमांवर. शेप्याचे कलम कोण बांधणार? तो एकटा जन्मतो आणि गेला की त्याची चव पृथ्वीवरून जाते. हे सगळे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी मी वेगळे काही केले असते का, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे.

१९९० साली राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवडीची योजना आणली. चांगली योजना होती. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती वर्षानुवर्षे टिकणारे उत्पन्न येणार होते. आबांचा मोठा मुलगा केसरची बाग लावायला निघाला. विहीर खोल करणे, मोटार, पाइपलाइन यासाठी कर्जाचा अर्ज माझ्याकडे आला. मी मनापासून मदत केली. प्रस्तावावर शिफारस लिहिली त्यात माझे एक वाक्य होते. बांधावरची जुनी, कमी उत्पन्नाची आंब्याची चार झाडे काढल्यास कलमांना सावलीचा अडथळा राहणार नाही आणि लाकडाच्या विक्रीतून अर्जदाराचा स्वतःचा हिस्सा उभा राहील. वाक्य कागदावर फार सुबक दिसत होते. आंब्याचे झाड तोडायला सरकारी परवानगी लागते. तीही रीतसर निघाली. कुणी काही वावगे केले नाही.

झाडे माघात तोडली. शेप्या मोहोराने भरलेला होता. मी त्या दिवशी हप्तेवसुलीला त्याच वाटेने गेलो होतो. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांचा खाट दूरवरून नाकाला झोंबत असे, तरी त्या बांधाजवळ मोहोराचा वास होता. आबा बाजेवर बसले होते. मला पाहून उठले, चहा ठेवायला सांगितला. झाडांविषयी एक शब्द बोलले नाहीत. निघताना म्हणाले, "साहेब, तुम्ही लिहिण्याआधी खाल्ला होता ना?"

त्यावर मी हसलो. ते हसणे मला आजही आठवते.

पुढे बदल्या होत गेल्या, कादंबऱ्या लिहिल्या. एका कादंबरीत आंब्याचे झाड आणून अपराधाचा हप्ता फेडायचा प्रयत्न केला. समीक्षकांना ते प्रतीक वाटले. असो. पेनांगच्या त्या बिननावाच्या दुरियनने मात्र खाते पुन्हा उघडले. निवृत्तीनंतर, करोनाची दोन वर्षे सरल्यावर, मी दर उन्हाळ्याच्या शेवटी नंदुरबारला जायला लागलो. दुरियनसाठी माणसे समुद्र ओलांडतात, मला नुसती तापी ओलांडायची होती.

तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढून धडगावकडे जाताना वैशाखात दिसते ते अमचूर. खडकांवर, घरांच्या कौलांवर, अंगणात, जिथे ऊन पडेल तिथे कैरीच्या चकत्या. घरची सगळी माणसे सोलायला बसलेली, बोटे चिकाने काळी पडलेली. पिकलेल्या आंब्याने डोंगरातून बाजार गाठायचा म्हणजे निम्मा वाटेत नासणार. वाळलेली चकती टिकते आणि व्यापारी पैसे रोख मोजतो. चकती जितकी पांढरी तितका भाव बरा. पाऊस अवचित आला की काळी पडते आणि भावही पडतो. ‘कच्चे आंबे तोडून टाकतात हो’ अशी हळहळ मी शहरातल्या माणसांकडून ऐकली आहे. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला ती पटत नाही. पेरणीच्या तोंडावर हातात येणारी ती रोकड आहे. आपल्या छोल्यांतला आंबटपणा कुणाच्या तरी बियाण्याचा पैसा असतो.

पण मला पिकलेला हवा होता. एका पाड्यावर एका आजींना विचारले, सगळ्याच झाडांचे अमचूर करता का? त्या माझ्या अज्ञानाला हसल्या. "ते झाड अमचूरचं," हात करून म्हणाल्या, "आणि ते खायचं." खायच्या झाडाला कुणी हात लावत नाही. त्याला पाड लागला की पोरे पहाटे जाऊन वेचतात. थेट पेनांगसारखेच, फक्त जाळी नाही. त्या दिवशी मी पाच झाडांचे आंबे खाल्ले. एक इतका दोरेदार की दातांत सुतळी अडकावी. एकाचा रस पाण्यासारखा पातळ, पण वास खोलीभर. एक केवळ गोड, त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. चौथ्यात आल्याचा झणका होता. पाचवा आजींनी स्वतः निवडून दिला आणि मी खाताना माझ्या तोंडाकडे पाहत बसल्या. शेप्या नव्हता तो, पण त्याच्या बिरादरीतला होता. पाहिल्यावर ओळख पटावी आणि नाव आठवू नये, तसे झाले.

पलीकडे नर्मदेच्या काठची गावे. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली तेहतीस गावे गेली. २०१९ च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा काठोकाठ, १३८.६८ मीटरपर्यंत भरले. घरे उठवता येतात, जमिनीला जमीन देता येते. बांधावरचा आंबा तिथेच उभा राहतो.

धानोऱ्याला मात्र मी दोन वर्षे टाळाटाळ केली. तिसऱ्या वर्षी गेलो. आबा केव्हाच गेले होते. मोठा मुलगा आता स्वतःच आबा झाला आहे, पांढऱ्या मिशांचा. त्याने ओळखले, मिठी मारली, केसरची पेटी पुढे केली. मी धीर करून त्या चार झाडांचा विषय काढला. मनात ठरवून आणलेली माफी मागायला लागलो तर त्याने मला मध्येच थांबवले.

"साहेब, त्या बागेवर दोन पोरं शिकली. एक नर्स आहे सुरतला. कर्ज तुम्ही दिलं म्हणून."

"पण शेप्या..."

"शेप्या चांगला होता," तो म्हणाला. "बापाने त्यानंतर आंबा खाल्ला नाही. केसरला तोंड लावलं नाही कधी." हे त्याने तक्रार म्हणून सांगितले नाही, पावसाचा अंदाज सांगावा तसे सांगितले.

तेवढ्यात सूनबाई गोठ्यामागून टोपलीत काही आंबे घेऊन आल्या. पाइपलाइन जिथे गळायची तिथे उकिरड्यावर कुठलीशी कोय रुजली होती. झाड वाढले आणि कुणी तोडले नाही. कर्जाच्या पाइपाच्या पाण्यावर वाढले म्हणून घरात त्याला ‘बँकेचा आंबा’ म्हणतात. मुले खो खो हसत होती. मी चीक पिळला, आंबा मऊ केला आणि डोळे मिटून चोखला. शेपूचा वास शोधला. नव्हता. आंबट होता, दोरेही होते. दुसरा घेतला, तोही तसाच. तिसऱ्यालाही हात पुढे केला.

परतताना धडगावच्या त्या आजींच्या पाचव्या झाडाचा विचार डोक्यात होता. कोय कलमे पावसाळ्यात बांधतात. शहाद्याच्या एका रोपवाटिकेतल्या माणसाशी बोलून ठेवले आहे. आजींनी काड्या द्यायला होकार दिला, पण एक अट घातली. पहिले कलम तुमच्या दारात लावायचे नाही, ज्याचे झाड गेले त्याच्या बांधावर लावायचे. धानोऱ्याला फोन केला. आबांचा मुलगा म्हणाला, "आणा की. सावली पडली तर पडू दे."