कचेरीतली सजगता : रंगूनपासून माउंटन व्ह्यूपर्यंत

उद्योगजगतात माइंडफुलनेस या नावाने रुळलेल्या सरावाचा एक महत्त्वाचा झरा ब्रह्मदेशातल्या एका सरकारी कचेरीतून निघतो. १९४८ मध्ये तो देश स्वतंत्र झाला, तेव्हा ऊ बा खिन हे महालेखापाल झाले. विपश्यना ही ध्यानसाधना ते १९३७ पासून करीत होते. त्यांचे गुरू सया तेजी हे भिक्षू नव्हते, शेती करणारे गृहस्थ होते. त्यामुळे साधनेसाठी संसार किंवा चाकरी सोडावी लागते, असे या परंपरेने कधी मानले नाही. ऊ बा खिन यांनी आपल्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांना साधना शिकवली आणि १९५२ मध्ये रंगूनमध्ये आंतरराष्ट्रीय ध्यान केंद्र काढले. एकाच वेळी अनेक खात्यांचा भार वाहणारा, निष्कलंक म्हणून नावाजलेला हा अधिकारी साधना आणि कारभार वेगळे मानीत नसे.

त्यांच्याकडे १९५५ मध्ये सत्यनारायण गोएंका आले. मंडालेत जन्मलेले हे मारवाडी उद्योजक तीव्र अर्धशिशीने हैराण होते. वेदना शमवण्यासाठी मॉर्फिन घ्यावे लागे आणि परदेशी डॉक्टरांचाही गुण आला नव्हता. ऊ बा खिन यांनी त्यांना आधी नकार दिला. मन शुद्ध करणे हा साधनेचा हेतू आहे, दुखणे बरे झाले तर ते त्याचे उपफळ, अशी त्यांची अट होती. पुढच्या साठ वर्षांचा इतिहास समजून घ्यायला ही अट फार उपयोगी पडते, कारण हे उपफळच हळूहळू मुख्य फळ होत गेले.

१९६२ च्या लष्करी उठावानंतर ब्रह्मदेशात उद्योगांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि गोएंकांचे कारखाने गेले. १९६९ मध्ये ते भारतात आले. त्या वर्षी जुलैमध्ये त्यांनी मुंबईत आईवडील आणि मोजक्या लोकांसाठी पहिले शिबिर घेतले. १९७६ मध्ये इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र सुरू झाले. तिथली रचना ठरलेली आहे : दहा दिवसांचे शिबिर, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत आर्य मौन, सुरुवातीलाच पंचशीलाचे व्रत, पहिले साडेतीन दिवस नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष, त्यानंतर डोक्यापासून पायापर्यंत संवेदनांचे निरीक्षण. शुल्क नाही. यामागचा विचार असा की राग किंवा भीती आधी शरीरात उमटते : श्वास चढतो, छातीत धडधडते, कानशिले तापतात. हा बदल तिथल्या तिथे ओळखणाऱ्याला प्रतिक्रिया देण्यापूर्वी थोडी फुरसत मिळते. कारखान्यात संप चालू असताना किंवा सौदा फिसकटताना ही क्षणभराची फुरसतच निर्णय बदलते.

१९७०-७१ च्या हिवाळ्यात गोएंकांनी बोधगयेला शिबिरे घेतली. त्यांत जोसेफ गोल्डस्टीन, शॅरन साल्झबर्ग, डॅनियल गोलमन आणि मीराबाई बुश हे तरुण अमेरिकी साधक होते. पहिल्या दोघांनी इतरांच्या साथीने मॅसॅच्युसेट्समधल्या बॅरी गावी साधनाकेंद्र उभारले. १९७९ मध्ये तिथे साधनेला बसले असताना जॉन कबात-झिन यांना हा सराव इस्पितळात नेण्याची कल्पना सुचली. त्याच वर्षी वूस्टरच्या वैद्यकीय केंद्रात त्यांनी जुनाट वेदनांनी त्रासलेल्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. पुढे तो आठ आठवड्यांचा ठरीव अभ्यासक्रम झाला. धार्मिक परिभाषा त्यांनी बाजूला ठेवली. ऊ बा खिन यांनी ज्या कारणासाठी नकार दिला होता, तेच इथे प्रवेशद्वार झाले. असंख्य रुग्णांना त्यातून दिलासा मिळाला, म्हणून या बदलाला घसरण म्हणणे अन्यायाचे होईल.

इस्पितळातून कंपनीपर्यंतचे अंतर मग फार उरले नाही. १९९६ मध्ये मीराबाई बुश यांनी मोन्सँटो या कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी ध्यानशिबिरे घेतली. २००३ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या प्रोमेगा या जैवतंत्रज्ञान कंपनीच्या कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ आठवडे ध्यान केलेल्यांमध्ये फ्लूच्या लसीनंतर अधिक प्रतिपिंडे आढळली. नमुना मात्र लहान होता. २००७ मध्ये गूगलमधील अभियंता चाड-मेंग टॅन यांनी गोलमन आणि बुश यांच्या साहाय्याने माउंटन व्ह्यू इथे वर्ग सुरू केला. बोधगयेचे दोन साधक असे सिलिकॉन व्हॅलीत पोहोचले. वर्गातले काही धडे अगदी साधे होते. एक उदाहरण : अवघड ईमेल लिहून झाल्यावर थांबायचे, दीर्घ श्वास घ्यायचा, वाचणाऱ्याला काय वाटेल याचा विचार करायचा आणि मगच पाठवायचा.

या काळातले सर्वात बोलके उदाहरण एट्ना या विमा कंपनीचे मार्क बर्टोलिनी यांचे. २००४ मधल्या स्कीइंगच्या अपघाताने त्यांना कायमची वेदना दिली आणि योग व ध्यानाकडे वळवले. प्रमुख झाल्यावर त्यांनी कर्मचाऱ्यांसाठी हे वर्ग खुले केले. हजारो जण आले. २०१५ मध्ये त्यांनी कंपनीतले किमान वेतन तासाला १६ डॉलर केले. ताण कमी करण्याचे वर्ग अनेक कंपन्यांनी काढले. ताणाच्या कारणांपैकी एकाला, तुटपुंज्या पगाराला, प्रमुखाने स्वतः हात घालण्याचा प्रसंग विरळा.

टीकेचा रोख नेमका इथेच होता. २०१३ मध्ये रॉनल्ड पर्सर आणि डेव्हिड लॉय यांनी लेख लिहून विचारले की शील गाळून केवळ एकाग्रता विकली तर उरते काय. कामाचे ओझे तेच ठेवून कर्मचाऱ्याला श्वास मोजायला लावणे म्हणजे संस्थेचा दोष त्याच्या माथी मारणे, हा त्यांचा आक्षेप आजही खोडून निघालेला नाही.

संशोधनानेही दावे आटोक्यात आणले. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात चिंता आणि नैराश्यावर लहान ते मध्यम परिणाम दिसला, त्याहून मोठा नाही. त्याच वर्षी अँड्र्यू हाफेनब्राक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पंधरा मिनिटे श्वासावर लक्ष ठेवल्यानंतर माणसे बुडीत खर्चाच्या मोहातून अधिक सहज सुटतात : आधीच इतका पैसा ओतला म्हणून तोट्याचा प्रकल्प रेटत नाहीत. कंपनी चालवणाऱ्यासाठी हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. २०१८ मध्ये हाफेनब्राक आणि कॅथलीन व्होस यांना मात्र आढळले की ध्यानानंतर समोरचे काम करण्याची इच्छा घटते, कामाची प्रत तेवढीच राहते. मन शांत झाले की धावायची ओढ कमी होते, यात इगतपुरीच्या जुन्या साधकाला नवल वाटणार नाही. वरिष्ठ अधिकारी आणि उद्योजकांसाठी या परंपरेत आजही खास शिबिरे भरतात. त्यांनाही मौन तेच, दहा दिवस तेच, आणि सुरुवात पंचशीलानेच होते.