बंदुकांवर थंड हवामानाचा होणारा परिणाम

थंड हवामानात बंदुकीचे वंगण, दारू, धातू आणि नेमबाजाचे हात या सर्वांवर परिणाम होतो. हिमप्रदेशात हा परिणाम तीव्र असतो. रायगड जिल्ह्यातील पेण, रोहा यांसारख्या उष्ण-दमट तालुक्यांत थंडी सौम्य असते. तेथे खरा उपद्रव दवाचा होतो.

वंगण आणि दारू

तापमान उतरले की तेल घट्ट होते आणि फायरिंग पिनची गती मंदावते. परिणामी काडतुसाच्या टोपीवर पुरेसा आघात होत नाही व बार फुकट जातो. म्हणून अतिथंड प्रदेशात वंगण अगदी कमी किंवा विशेष प्रकारचे वापरतात. थंड दारू सावकाश जळते, त्यामुळे गोळीचा वेग घटतो. शिवाय थंड हवा अधिक घन असल्याने गोळीला विरोध वाढतो. दोन्ही कारणांनी लांबच्या निशाण्यावर गोळी खाली लागते.

कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळविले. या प्रकारातील .22 काडतुसांच्या गोळीचा वेग सेकंदाला साधारण 320 ते 330 मीटर असतो. ध्वनीचा वेग 30 अंश सेल्सिअसला सुमारे 349 मीटर, तर शून्य अंशाला 331 मीटर असतो. थंडीत दोन्ही वेगांतील अंतर कमी होते आणि ध्वनिवेगाच्या निकट गोळीचा मार्ग अस्थिर होऊ शकतो.

हिमप्रदेशातील अनुभव

1984 पासून भारतीय सैनिक सियाचिन हिमनदीवर तैनात आहेत. तेथील तापमान उणे 50 अंशांपर्यंत उतरते. अशा थंडीत उघड्या बोटाने चापाला स्पर्श केला तरी हिमदंशाचा धोका असतो आणि जाड हातमोजा घातल्यास बोट चापाच्या कड्यात मावत नाही. 1999 च्या कारगिल संघर्षात इन्सास रायफलीच्या प्लॅस्टिक मॅगझिनला थंडीने तडे गेल्याच्या तक्रारी आल्या होत्या. नळीत शिरलेला बर्फ सर्वांत घातक. तो न काढता बार केल्यास नळी फुटू शकते.

पेण आणि रोहा

भातकापणीनंतर या भागात जमिनीतील ओलाव्यावर वालाचे पीक घेतात. पीकसंरक्षणासाठी परवानाधारक शेतकऱ्यांकडे बंदुका असतात. (रानडुकराला मारण्यास वनखात्याची परवानगी लागते, बंदुकीचा परवाना त्यासाठी पुरेसा नाही.) राखणीसाठी रात्रभर उघड्या आकाशाखाली राहिलेली नळी भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते आणि तिच्यावर दव साचते. पहाटे ती उबदार घरात आणली तरी संकट टळत नाही. घरातील हवा 28 अंश व सापेक्ष आर्द्रता 60 टक्के असेल, तर दवबिंदू 19 ते 20 अंशांच्या दरम्यान येतो. 17 अंशांच्या नळीवर आतून-बाहेरून पाणी धरते. खाडीलगतच्या गावांत हवेतील मीठ गंज अधिकच वाढविते.

ठासणीच्या बंदुकीत हा प्रश्न आणखी बिकट ठरतो, कारण सोरा, कोळसा व गंधक यांची काळी दारू ओलावा शोषते. दमट दारू उशिरा पेट घेऊ शकते. चाप ओढूनही बार न झाल्यास नळी काही वेळ सुरक्षित दिशेलाच रोखून धरावी लागते. लगेच तोंडाकडून डोकावणे जिवावर बेतू शकते. रिकामी केलेली थंड बंदूक घरात आणल्यावर घरातील तापमानाला येऊ द्यावी, मग नळी कोरडी पुसून तेलाचा पातळ हात फिरवावा. ओल्या नळीवर तेल लावल्यास पाणी त्याखाली अडकून राहते.