स्थौल्यनिवृत्तीनंतर धावण्याचा आरंभ : एक चिकित्साविचार

प्रास्ताविक

स्थौल्याची चिकित्सा हा आपणा सर्वांच्या नित्य व्यवसायाचा भाग आहे. वजन कसे घटवावे, याविषयी आपल्या परिषदांतून व नियतकालिकांतून विपुल चर्चा होते. वजन घटल्यानंतर रुग्णाने काय करावे, याविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. रुग्णाचे ३०-४० किलो वजन उतरले की चिकित्सा सफल झाली, असे मानून आपण त्याला निरोप देतो.

असा रुग्ण आज अनेक मार्गांनी आपल्यापुढे येतो. कोणी आहारनियमन व लेखन चिकित्सेने कृश झालेला असतो, कोणी बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया करून घेतलेली असते. तर २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड व वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही साप्ताहिक इंजेक्शने भारतात उपलब्ध झाल्यापासून कोणी त्यांच्या साहाय्याने वजन उतरविलेले असते. मार्ग भिन्न असले, तरी प्रश्न बहुधा एकच असतो : “डॉक्टर, आता धावायला सुरुवात करू का?” मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये, तर साताऱ्याची यवतेश्वर घाटातील अर्धमॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून धावणे ही केवळ खेळाडूंची गोष्ट राहिलेली नाही. त्यामुळे हा प्रश्न आता लहान गावातील चिकित्सालयातही विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच आहे. तथापि त्या होकारापूर्वी व होकारानंतर वैद्याने काय पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : धावण्याची गती रुग्णाच्या श्वासाने किंवा उत्साहाने ठरवू नये, ती त्याच्या सर्वांत दुर्बल धातूने ठरवावी. आणि धावणे सुरू होण्यापूर्वी लेखन थांबून बृंहण सुरू झालेले असावे.

हा रुग्ण ‘कर्शित’ आहे

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात स्थौल्याची जी संप्राप्ती सांगितली आहे, तिच्यातील एका मुद्द्याकडे आपले दुर्लक्ष होते. स्थूल व्यक्तीत मेदाचेच पोषण अधिक होते, इतर धातूंचे तसे होत नाही. याचा अर्थ असा की, मेद उतरल्यावर जे शरीर उरते, ते मूळच्या निरोगी मनुष्याचे नसते. दीर्घकाळ अल्पपोषित राहिलेल्या अस्थी, मज्जा व स्नायू यांचे ते शरीर असते. त्यात भर म्हणून आपण लंघन, उद्वर्तन, लेखन बस्ती व रूक्ष अन्न यांची योजना केलेली असते. मेद उतरतो, पण त्याबरोबर मांसही उतरते. आधुनिक निरीक्षणेही हेच सांगतात. केवळ आहार कमी करून उतरविलेल्या वजनापैकी स्थूलमानाने चौथा हिस्सा मेदाचा नसून मांसादी इतर धातूंचा असतो. भार कमी झाल्याने अस्थींची घनताही काही प्रमाणात घटते. शस्त्रक्रियेनंतर ही घट अधिक आढळते.

अष्टांगहृदयाने अस्थी व वायू यांचा आश्रयाश्रयी संबंध सांगताना इतर धातूंहून वेगळा नियम दिला आहे. येथे वायू वाढला की अस्थी क्षीण होते. चरकसंहितेच्या वातव्याधी चिकित्सेत (चि. २८) वातप्रकोपाची जी कारणे येतात, त्यांत अतिव्यायाम, अतिचंक्रमण, उड्या मारणे आणि धातुक्षय ही एकत्रच आली आहेत. धातुक्षय आपण चिकित्सेने घडवून आणला. आता त्यावर धावण्याची भर पडणार आहे. म्हणूनच सूत्रस्थानाच्या ७ व्या अध्यायातील व्यायाम वर्ज्य करणाऱ्यांच्या यादीत अतिकर्शित, क्षुधित व तृषित यांचा समावेश आहे, हे या रुग्णाच्या बाबतीत मुद्दाम आठवावे. तो स्थूल नाही, म्हणून बलवान आहे असे समजणे ही पहिली चूक होय.

भाराचे गणित

रुग्णाचा युक्तिवाद सहसा असा असतो : “याच पायांनी मी ११२ किलो वाहिले, आता ७४ किलो वाहण्यात कसली अडचण?” ऐकताना तो पटतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गुडघ्याचा संधिवात असलेल्या स्थूल व्यक्तींवरील एका अभ्यासात असे दिसले की, १ किलो वजन घटल्यास चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोने कमी होतो. वजन घटल्याने चालण्यात सुख वाटते, यात शंका नाही.

परंतु चालणे व धावणे यांत मूलभूत भेद आहे. चालताना एक पाऊल नेहमी भूमीवर असते आणि पावलावर येणारा आघात शरीरभाराच्या साधारण १.२ पट असतो. धावताना शरीर क्षणभर अधांतरी होऊन खाली येते आणि हाच आघात दोन ते तीन पट होतो. म्हणजे ११२ किलोचा मनुष्य चालत असता पावलावर सुमारे १३४ किलो भार येत होता. तोच मनुष्य ७४ किलोचा होऊन धावू लागला की, अडीच पट धरल्यास, १८५ किलो येतो. मिनिटाला १६० पावले धरली, तर दहा मिनिटांत असे १६०० आघात होतात. रुग्णाच्या नडगीने पूर्वी वाहिलेल्या भाराहून हा भार अधिक आहे, आणि नडगी मात्र पूर्वीहून क्षीण आहे.

दुसरी अडचण काळाची आहे. हृदय व श्वास काही आठवड्यांतच व्यायामाला सरावतात. अस्थीला आपली झीज भरून नवी रचना करण्यास तीन-चार महिने लागतात. कंडरांनाही असाच दीर्घ काळ लागतो. त्यामुळे सहाव्या आठवड्यात रुग्णाला दम लागेनासा होतो, तो हर्षाने अंतर वाढवितो, आणि नेमके तेव्हाच अस्थी सर्वांत मागे राहिलेली असते.

एक रुग्णवृत्त

हे आम्ही ग्रंथावरून नव्हे, तर स्वतःच्या चुकीवरून शिकलो. वय ४३, पुरुष, बैठी नोकरी. १४ महिन्यांत आमच्या चिकित्सेने वजन ११२ वरून ७४ किलोवर आले. त्याने धावण्याची अनुमती मागितली व आम्ही ती आनंदाने दिली. लेखन औषधे व रात्रीचे लंघन मात्र तसेच चालू ठेवले. सहाव्या आठवड्यात त्याने सलग १० किलोमीटर धावल्याचे सांगितले, तेव्हा आम्ही त्याची पाठ थोपटली. पुढे नडगीच्या आतील बाजूस वेदना सुरू झाली. आम्ही वातव्याधी समजून स्थानिक स्नेहन-स्वेदन व गुग्गुळकल्प दिले. तो आठवड्यातून किती धावतो, हे विचारले नाही. वेदना कमी झाली की तो पुन्हा धावे. तीन आठवड्यांनी त्याला जिना उतरता येईना. क्ष-किरण चित्र निर्दोष आले. एमआरआय तपासणीत अस्थीचा सूक्ष्म भंग, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, आढळला.

विश्रांतीच्या काळात त्याचे वजन ९ किलोने वाढले. त्याहून अधिक क्लेशकारक होते ते त्याचे बोलणे. वजन परत येईल या भीतीने आपण दुखत असतानाही धावत होतो, आणि तुम्ही रागवाल म्हणून वेदनेची तीव्रता कमी करून सांगत होतो, असे तो म्हणाला. चरकांनी भय व शोक यांनी ग्रस्त असलेल्यांनाही व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, त्याचा अर्थ आम्हांस त्या दिवशी कळला. पुढे सात महिन्यांनी, खाली दिलेल्या क्रमाने, त्याने नव्याने आरंभ केला. आज तो आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास धावतो. स्पर्धेत त्याने भाग घेतलेला नाही. वजन स्थिर आहे.

आरंभापूर्वीचे परीक्षण

(१) वजन किमान दोन-तीन महिने स्थिर असावे. वजन वेगाने उतरत असताना धावणे सुरू करू नये.

(२) चालू औषधांची यादी पाहावी. ११२ किलोच्या शरीरासाठी ठरविलेली रक्तदाबाची मात्रा ७४ किलोच्या शरीरास अधिक होऊन भोवळ येऊ शकते. इन्सुलिन वा सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळ्या घेणाऱ्यास धावताना रक्तशर्करा घटण्याचा धोका असतो. ही मात्रा आपण बदलू नये. ज्यांनी औषध लिहिले त्यांच्याकडे पत्र देऊन पाठवावे.

(३) छातीत दुखणे, मूर्च्छा, मधुमेह, धूम्रपान किंवा कुटुंबात अल्पवयात हृद्रोग असा इतिहास असल्यास हृद्रोगतज्ज्ञाचे मत प्रथम घ्यावे.

(४) हिमोग्लोबिन, फेरिटिन, ड जीवनसत्त्व व बी-१२ तपासावे. शस्त्रक्रिया झालेल्यांत यांची न्यूनता वारंवार आढळते. अशा रुग्णाने, विशेषतः गॅस्ट्रिक बायपास झालेल्याने, धावल्यानंतरच्या दुखण्यासाठी परस्पर वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. त्यांनी जठरांत्रमार्गात व्रण होण्याचा धोका असतो.

(५) स्त्रीरुग्णास पाळीविषयी अवश्य विचारावे. पाळी अनियमित होणे किंवा थांबणे हे आहार अपुरा असल्याचे लक्षण असू शकते. तिला धावण्यापूर्वी अन्नाची आवश्यकता आहे.

(६) बलपरीक्षा करावी. ४५ मिनिटे भरभर चालणे वेदनारहित असावे. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठता यावे. एका पायावर ३० सेकंद उभे राहता यावे. एका पायाची टाच वीस वेळा उचलता यावी. एका पायावर दहा उड्या विनावेदना मारता याव्यात. यांपैकी जे जमत नाही, तोच त्या रुग्णाचा पुढील महिन्याचा व्यायाम होय.

धावण्याचा क्रम

नवशिक्यांसाठीचा ‘काऊच टू फाइव्ह के’ हा १९९६ मध्ये तयार झालेला नऊ आठवड्यांचा क्रम सर्वत्र प्रचलित आहे. कर्शित रुग्णासाठी आम्ही त्याचा काळ जवळजवळ दुप्पट करतो.

प्रथम चार ते सहा आठवडे केवळ चालणे, आठवड्यातून पाच दिवस. दोन दिवस उठाबशा, टाचा उचलणे व पायरी चढ-उतार. नंतर आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, पुढील क्रम द्यावा :

आठवडे १ ते ३ : १ मिनिट धावणे, २ मिनिटे चालणे, ८ वेळा.
आठवडे ४ ते ६ : २ मिनिटे धावणे, २ मिनिटे चालणे, ७ वेळा.
आठवडे ७ ते ९ : ३ मिनिटे धावणे, १ मिनिट चालणे, ६ वेळा.
आठवडे १० ते १२ : ५ मिनिटे धावणे, १ मिनिट चालणे, ५ वेळा.
आठवडे १३ ते १६ : १० मिनिटे धावणे, १ मिनिट चालणे, ३ वेळा. पुढे सलग ३० मिनिटे.

वेदना झाल्यास मागील टप्प्यावर यावे. दम लागत नाही, हे पुढचा टप्पा लवकर घेण्याचे कारण मानू नये.

गतीसाठी अर्धशक्तीचा निकष उत्तम आहे. हृदयस्थ वायू मुखावाटे येऊ लागला की अर्धे बल संपले, असे सुश्रुतांनी (चि. २४) सांगितले आहे. रुग्णास सोप्या शब्दांत सांगावे : सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे; तोंड उघडून श्वास घ्यावा लागला की चालू लागावे. हेमंत, शिशिर व वसंत हे आरंभास योग्य ऋतू होत. वर्षा ऋतूत वायूचा प्रकोप असतो आणि रस्तेही निसरडे असतात. तेव्हा आरंभ टाळावा. मातीचे सपाट मैदान उत्तम, डांबरी रस्ता मध्यम, काँक्रीट हीन. बूट नवे घ्यावेत. जुने बूट जुन्या वजनाने दबलेले असतात व वजन घटल्यावर पावलाचे मापही पुष्कळदा बदलते.

आहार, अभ्यंग व त्वचारक्षण

येथे अनेक रुग्ण हट्ट करतात. रात्री फळांवर राहून पहाटे उपाशीपोटी धावणे त्यांना हितकर वाटते. त्यांना निक्षून सांगावे की, धावण्याच्या दिवशी लंघन नाही. धावण्यापूर्वी दोन खजूर वा एक केळे, नंतर तासाभरात पूर्ण आहार असावा. प्रथिने शरीरभाराच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम असावीत. वृक्करोग असल्यास मात्र तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच. मुगाचे वरण, दूध, ताक, पनीर, अंडी, मांसरस यांतून ती मिळतात. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. नाचणीची भाकरी व तीळ हे अस्थीसाठी आपल्या घरातीलच द्रव्य होय. संतर्पण करताना अन्न पचनास लघू असावे, हा कृशाच्या चिकित्सेतील चरकांचा संकेत येथे उपयोगी पडतो; मेद पुन्हा न वाढता धातूंचे पोषण होते.

उद्वर्तन थांबवून अभ्यंग सुरू करावा. तीळतेलाने पोटऱ्या, गुडघे व पावले यांस नित्य अभ्यंग पुरेसा आहे. अस्थिक्षयाची लक्षणे असल्यास तिक्तक्षीर बस्तीचा विचार करावा.

सैल त्वचेचा प्रश्न रुग्ण संकोचाने सांगत नाही, म्हणून आपणच विचारावा. पोट, मांड्या व काखा येथील वळ्या धावताना घासून त्वचा सोलवटते, व घाम साचून दद्रू होतो. घट्ट बसणारे, घाम न धरणारे कपडे व घर्षणाच्या जागी खोबरेल तेल यांनी हा त्रास पुष्कळ कमी होतो. केवळ या त्रासामुळे धावणे सोडलेले रुग्ण आम्ही पाहिले आहेत.

थांबण्याची लक्षणे

धावल्यानंतर पोटऱ्यांत पसरलेली, दोन दिवसांत शमणारी वेदना स्वाभाविक आहे. मात्र अस्थीवर एका बोटाने दाखविता येणारी, विश्रांतीतही राहणारी, दर वेळी लवकर सुरू होणारी वेदना असल्यास धावणे त्याच दिवशी बंद करावे. अशा जागी मर्दन करू नये. आरंभीच्या आठवड्यांत क्ष-किरण चित्र निर्दोष असू शकते, त्यावर विसंबून राहू नये. छातीत दुखणे, भोवळ, हृदयाची अनियमित धडधड ही लक्षणे दिसताच रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

उपसंहार

वजन घटविलेल्या मनुष्याने धावावे, ही त्याची इच्छा अत्यंत शुभ आहे. ज्या शरीराची त्याला अनेक वर्षे लाज वाटली, त्याच शरीराकडून तो आता आनंदाची अपेक्षा करीत असतो. वैद्याने त्या इच्छेस आवर घालू नये. तिला काळ द्यावा. तो चिकित्सालयात आला की काट्यावर उभे करण्यापूर्वी त्याला तीन प्रश्न विचारावेत : या आठवड्यात किती धावलात, काय खाल्लेत, आणि कोठे दुखते? हे तीन प्रश्न आम्ही त्या रुग्णास वेळीच विचारले असते, तर त्याचे सात महिने वाया गेले नसते.