परमुलखांतील स्वयंपाकाची शिकवणी

परदेशांतून परतणारा मनुष्य बरोबर काय घेऊन येतो, यावरून त्यानें तेथें काय पाहिलें हें पुष्कळदां ओळखतां येतें. कोणी छायाचित्रें आणतो, कोणी रेशीम आणतो, कोणी लाखेची नक्षीदार डबी आणतो. व्हिएतनामहून येणाऱ्या कित्येक प्रवाशांच्या सामानांत मात्र अलीकडे एक निराळाच ऐवज असतो. तांदळाच्या पातळ, जवळजवळ पारदर्शक पापड्यांची एक चळत, आणि त्या पापड्या कशा घालाव्या व कशा गुंडाळाव्या याचें हातांत बसलेलें ज्ञान. हें ज्ञान पुस्तकांतलें नसतें. अर्ध्या दिवसाच्या एका वर्गांत, चुलीपुढें उभें राहून, दोनचार वेळां चुकून, तें स्वतःच्या हातांनीं मिळविलेलें असतें.

नागपूरच्या दक्षिणेस असलेलें हुडकेश्वर हें एके काळीं शेतांनीं वेढलेलें खेडें होतें. आज तें शहराच्या हद्दींत आलें असून तेथें नव्या वसाहती व उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. अशा वसाहतींतील नोकरदार कुटुंबें सुटींत दूरदूरचे प्रवास करूं लागलीं आहेत, आणि २०२२ सालीं मुंबईहून व्हिएतनामला थेट विमानें सुरू झाल्यापासून तो देशहि त्यांच्या आटोक्यांत आला आहे. समजा, हुडकेश्वरच्या अशाच एका घरांतील सून आपल्या पतीबरोबर व्हिएतनामला गेली आहे. घरीं वृद्ध सासूबाई आहेत. प्रवासाच्या तिसऱ्या दिवशीं देवळें व बाजार पाहून झाल्यावर हीं दोघें स्वयंपाकाच्या वर्गाला नांव घालतात. त्या वर्गांत काय घडतें, आणि त्यांतून घरीं काय येतें, हें पाहण्यासारखें आहे.

असे वर्ग देशांत अनेक ठिकाणीं चालतात. परंतु मध्य व्हिएतनाममधील होई आन हें गांव त्याकरितां विशेष प्रसिद्ध आहे. थू बोन नदीच्या मुखाजवळचें हें जुनें बंदर. सोळाव्या ते अठराव्या शतकांत चिनी व जपानी व्यापाऱ्यांनीं येथें पेढ्या घातल्या, आणि त्यांचीं जुनीं घरें अद्याप उभीं असल्यामुळें १९९९ सालीं युनेस्कोनें या गांवाचा जागतिक वारशांत समावेश केला. येथील शिकवणी पाट्यावरून किंवा तव्यावरून सुरू होत नाहीं. ती बाजारांतून सुरू होते. शिकविणारी बाई हातांत टोपली देते आणि विद्यार्थ्यांना भाजीच्या ओट्यांमधून फिरविते. कोणती काकडी कोंवळी, कोणता नारळ पाण्याचा व कोणता दुधाचा, ओल्या शेवया कालच्या कीं आजच्या, हें ती दाबून, वास घेऊन व मोडून दाखविते. विकत घेणें हा स्वयंपाकाचाच पहिला भाग आहे, हा पहिला धडा.

गांवाजवळ त्रा क्वे नांवाची भाजीपाल्याची वाडी आहे. तेथील माळी नदींतील शेवाळ व पाणवनस्पती वाफ्यांत पुरून त्यांचें खत करतात. पाहुण्यांच्या खांद्यावर कावड देऊन तिच्या दोन्ही टोंकांच्या झाऱ्यांनीं वाफे शिंपावयास सांगण्याचीहि तेथें पद्धत आहे. पुदिना, कोथिंबीर, तुळशीच्या जातीचा एक उग्र सुगंधी पाला, जांभळट पानांची पेरिला, अशा वनस्पती येथें होतात. आपल्याकडे कोथिंबीर शेवटीं वरून भुरभुरतात. तेथें हा पाला मूठमूठ, कच्चाच, भाजीसारखा खातात. मसाला भाजून, वाटून, तेलांत परतून वास काढावयाचा ही नागपूरकडील रीत, तर वास पानांतून जिवंतच तोंडांत न्यावयाचा ही तेथील रीत. सावजी रश्श्यावर वाढलेल्या जिभेला हा फरक प्रथम फिका वाटतो. दुसऱ्या घांसाला तो समजूं लागतो.

मग खरें काम सुरू होतें. तांदूळ रात्रभर भिजवून ठेवलेले असतात. ते पाण्यासकट दगडी जात्यांत घालून फिरविले म्हणजे दुधासारखें पातळ पीठ बाहेर येतें. चुलीवर रुंद तोंडाच्या भांड्यांत पाणी उकळत असतें, आणि त्या तोंडावर एक फडकें ढोलकावरच्या कातड्यासारखें ताणून बांधलेलें असतें. पळीभर पीठ फडक्याच्या मध्यावर टाकून पळीच्याच पाठीनें तें मध्यापासून कडेकडे गोल फिरवीत पसरावयाचें, वर झांकण ठेवावयाचें, आणि मिनिटभरांत झांकण काढून बांबूची चपटी पट्टी खालून सारून ती थरथरणारी पापडी अलगद उचलावयाची. हीच बान्ह त्रांग, म्हणजे व्हिएतनामी तांदूळपापडी. ओली असतांना ती तशीच खातात. बांबूच्या जाळीवर उन्हांत वाळविली कीं ती पुष्कळ दिवस टिकते.

पाहण्यास हें अत्यंत सोपें दिसतें. पहिली पापडी बहुधा फाटते, दुसरी एका बाजूस जाड होते, तिसरी पट्टीला गुंडाळून गोळा होते. शिकविणारी बाई तोंडानें फारसें कांहीं सांगत नाहीं. ती विद्यार्थिनीच्या मनगटाला धरून पळी फिरविते. हात किती हलका ठेवावयाचा, हें मनगटालाच कळावें लागतें. चौथी किंवा पांचवी पापडी नीट उतरते, आणि ती कां उतरली हें विद्यार्थिनीला शब्दांत सांगतां येत नाहीं. हातानें शिकणें म्हणजे नेमकें हेंच.

यामागचें शास्त्र मात्र सांगण्याजोगें आहे. तांदळांत जें पिष्ट, म्हणजे स्टार्च, असतें त्याचे दोन प्रकार आहेत. एकाचे रेणू लांब सरळ साखळीसारखे असतात. त्याला अमायलोज म्हणतात. दुसऱ्याचे रेणू झाडाच्या फांद्यांसारखे पसरलेले असतात, तें अमायलोपेक्टिन. वाफेच्या उष्णतेनें पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात व एकमेकांत मिसळतात. थंड होतांना सरळ साखळ्या एकमेकींस धरून बसतात आणि चिवट पडदा तयार होतो. म्हणून पापडीला मोकळा शिजणारा, अमायलोज अधिक असलेला तांदूळ लागतो. चिकट तांदळांत हें द्रव्य जवळजवळ नसतेंच. त्याची पापडी फडक्यालाच धरून बसेल. आजकाल कारखान्यांतून होणाऱ्या पापड्यांत लवचीकपणासाठीं टॅपिओकाचें, म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्याचें, पीठहि मिसळतात.

वाळलेली पापडी वापरतांना सर्वांचीच एक चूक होते. ती पाण्यांत मऊ होईपर्यंत भिजत ठेवावी असें वाटतें, आणि मग ती हातांत येते तो तिचा लगदा झालेला असतो. पापडी पाण्यांतून नुसती फिरवून, अजून थोडी ताठ असतांनाच पाटावर ठेवावयाची. अंगावरचें पाणी ती पुढच्या अर्ध्या मिनिटांत स्वतःच पिते व मऊ होते. तेवढ्या वेळांत तिच्या खालच्या तृतीयांश भागावर पाला, उकडलेल्या तांदळाच्या शेवया, काकडीच्या काड्या आणि कोळंबी किंवा मांस मांडावें, दोन्ही बाजू आंत दुमडाव्या आणि विड्यासारखी घट्ट गुंडाळी करावी. या गुंडाळीस गोई कुओन म्हणतात. ती तळीत नाहींत. हातानेंच उचलून चटणीवजा पाण्यांत बुडवून खातात.

येथें शाकाहारी प्रवाशानें सावध राहिलें पाहिजे. त्या चटणीवजा पाण्याला नुओक चाम म्हणतात. लिंबाचा रस, साखर, लसूण, मिरची व पाणी यांच्या जोडीला त्याचा आधार असतो तो नुओक माम हा माशांचा अर्क. मांदेलीच्या कुळांतील बारीक मासळी व मीठ साधारण तीनास एक या प्रमाणांत लाकडी पिंपांत भरून सुमारें वर्षभर मुरवितात, आणि पिंपाच्या तळाशीं जो लालसर, पारदर्शक द्रव निघतो तो मिठाच्या ठिकाणीं वापरतात. फु क्वोक बेट यासाठीं नांवाजलेलें आहे. भाजी दिसते म्हणून पदार्थ शाकाहारी, असें तेथें समजतां येत नाहीं. रस्सा हाडांचा व खारेपणा माशांचा असूं शकतो. मात्र त्याच देशांत बौद्ध परंपरेचा जुना शाकाहारहि आहे. पुष्कळ कुटुंबें चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशीं मांसमासे वर्ज्य करतात. अशा जेवणाला तेथें चाय म्हणतात. नागपूरकराच्या कानाला हा शब्द पेल्यांतल्या पेयाची आठवण करून देतो. पण तो आधींच उच्चारून ठेवला, तर शिकविणारी बाई माशांच्या अर्काऐवजीं सोयाबीनचा अर्क काढून ठेवते व वर्ग निर्विघ्न पार पडतो. भुईमुगाचे दाणे किंवा कोळंबी ज्यांना बाधते, त्यांनींहि ही गोष्ट आरंभींच सांगावी.

वर्गांतील बाकीचे पदार्थ मराठी गृहिणीला लवकर आपलेसे वाटतात. तांदळाचें पीठ, हळद व नारळाचें दूध यांचें बान्ह सेओ हें तर उघड उघड धिरडेंच. तव्यावर पीठ पडतांच जो चर्र असा आवाज होतो, त्या आवाजावरूनच त्याला सेओ हें नांव पडलें. फो या प्रसिद्ध शेवयांच्या रश्श्यांत चक्रफूल, दालचिनी व मसाला वेलदोडा हीं आपल्याच डब्यांतलीं द्रव्यें असतात. हिंदुस्थानांत येणारें चक्रफूल व दालचिनीच्या नांवानें विकली जाणारी जाड साल यांचा मोठा भाग व्हिएतनाममधूनच येतो. होई आनहून मी सोन येथील भग्न शिवमंदिरें फार लांब नाहींत. चंपा राज्याच्या राजांनीं चौथ्या शतकापासून तेथें भद्रेश्वराची पूजा केली व संस्कृतांत शिलालेख कोरविले. दोन देशांमधील जुनी ये-जा दगडांत जितकी दिसते तितकीच मसाल्याच्या डब्यांतहि दिसते.

वर्ग संपतांना प्रत्येकाला पाककृतींचा एक छापील कागद मिळतो. त्या कागदाचें मोल थोडें नाहीं. महाराष्ट्रांत लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हें पुस्तक १९१० सालीं निघालें. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० सालीं आली, आणि आईपासून दूर संसार थाटणाऱ्या हजारों मुलींना तिच्या वाट्याचमच्यांच्या मापांनीं आधार दिला. परंतु मापें सांगतां येतात तेवढीं पुस्तक सांगतें. पीठ ‘बेताचें’ पातळ म्हणजे किती, पापडी ‘अलगद’ उचलावी म्हणजे कशी, हें कोणाच्या तरी शेजारीं उभें राहिल्यावांचून समजत नाहीं.

आतां ही सून हुडकेश्वरला परतते. वैशाखाचे दिवस आहेत. घरींच पापड्या करून पाहाव्या म्हणून ती पातेल्याला फडकें बांधते, पीठ पसरते, पापडी उचलते आणि गच्चीवर वाळत घालते. तासाभरानें पाहते तों पापडीला तडे गेलेले. नागपूरच्या कोरड्या झळांत ती इतक्या वेगानें वाळली कीं तिची लवच गेली. व्हिएतनामच्या दमट हवेंत हें सहसा होत नाहीं. उलट ताय निन्ह प्रांतांत तर वाळलेल्या पापड्या मुद्दाम रात्रीच्या दंवांत ठेवून मऊ करण्याची कला आहे. कृति तीच, हात तोच; पण हवा निराळी.

सासूबाई गच्चीच्या दारांत उभ्या राहून हें पाहत असतात. त्या म्हणतात, “अगं, ह्या तर आपल्या फेण्याच. सावलींत वाळव, आणि वर पातळ धोतर टाक.”

फेण्या! तीन दिवस भिजविलेले तांदूळ, रोज बदललेलें पाणी, खसखस घातलेलें आंबूस पीठ, ताटलीवर पसरून वाफविलेला थर, आणि सुरीच्या टोंकानें सोडविलेली पापडी. कोठें त्यांना सालपापड्या म्हणतात. आंबल्यामुळें त्या तळल्यावर फुलतात, तर व्हिएतनामी पापडी न आंबवितां केल्यानें गुंडाळण्यास योग्य राहते. भेद असला तर तेवढाच. सासूबाईंना ही कला येत होती, कुरडया येत होत्या, काडीवर कणकेची दोरी गुंडाळून केलेले आणि आंब्याच्या रसाबरोबर खावयाचे सरगुंडेहि येत होते. वसाहतींत अंगण राहिलें नाहीं, उन्हाळ्यांत एकत्र बसणाऱ्या शेजारणी राहिल्या नाहींत, वाळवणें दुकानांतून येऊं लागलीं, आणि विचारणारें कोणी नसल्यामुळें त्या बोलल्या नाहींत. आतां त्यांचे गुडघे दुखतात; पण मनगटाला सारें अजून आठवतें. तें किती वर्षें आठवेल, हें मात्र सांगतां येणार नाहीं.

परमुलखांत पैसे मोजून जें शिकावें लागलें, त्याची सख्खी बहीण घरांत विनामूल्य बसलेली होती, हें सुनेला गच्चीवर कळलें. तिकडील शिकवणी त्यामुळें व्यर्थ ठरत नाहीं. तिकडे मनगट धरून कोणी शिकविलें नसतें, तर घरच्या मनगटाची किंमत तिला कळलीच नसती. पुढच्या रविवारीं त्या घरांत तांदूळ भिजत पडले, ते गुंडाळ्यांसाठीं नव्हेत, फेण्यांसाठीं. सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या, सून ताटलीपुढें होती, आणि पहिली फेणी फाटली तेव्हां म्हातारीनें खुर्ची पुढें ओढून तिचा हात धरला.