ताग, धैंचा की गिरिपुष्प?

भात घरात आले की रायगडच्या किनारपट्टीवरची बरीच खाचरे जूनपर्यंत उघडी पडतात. ओल टिकते तिथे वाल होतो. हे कडधान्य जमिनीला नत्र देते आणि पोपटीच्या मडक्याला शेंगा. बाकी जमिनीवर ऊन आणि मोकाट गुरे. मग तिच्यावर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. म्हणून हिरवळीच्या खतासाठी ताग-धैंचा पेरा, असा सल्ला मिळतो. सल्ला चांगला आहे. पण इथला खरा प्रश्न वेळेचा आहे.

हिरवळीचे पीक फुलोऱ्यावर येताना, साधारण दीड महिन्याचे असताना गाडतात. तेव्हा ते कोवळे असते आणि लवकर कुजते. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये, लावणी जुलैत. मधे जेमतेम चार-पाच आठवडे. ज्याला मेमध्ये पाणी देता येते आणि गुरे राखता येतात, त्यानेच खाचरात हे पीक धरावे. सखल, थोड्या खारवट शेतात धैंचा घ्यावा. तो साचलेले पाणीही सोसतो. पेण-अलिबागच्या खारेपाटात जिथे भरतीचे पाणी आत येते, तिथे मात्र आधी बांध दुरुस्त करायला हवा. तागाला निचरा लागतो. तो नारळाच्या वाडीत लावावा, तिथे लावणीची घाई नसते: जूनमध्ये आळ्यात पेरायचा, ऑगस्टमध्ये गाडायचा. चांगला वाढलेला धैंचा हेक्टरी 60 किलोच्या आसपास नत्र देतो, म्हणजे 45 किलोच्या जवळजवळ तीन गोण्या युरिया.

ज्याच्याकडे मे महिन्यात पाणी नाही, आणि असेच शेतकरी जास्त, त्याने गिरिपुष्पाच्या झाडाकडे वळावे. ते बांधावर वाढते, खाचराची जागा अडवत नाही, गुरेही सहसा त्याला तोंड लावत नाहीत. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत त्याला एका सूत्राचे स्थान आहे: गुंठ्याला सुमारे 30 किलो हिरवा पाला. चिखलणीच्या आठवडाभर आधी फांद्या खाचरात पसरायच्या. पाने गळून पडली की काड्या उचलून चुलीला वापरायच्या आणि पाला चिखलात तुडवायचा.

रोपवाटिकेच्या राबासाठी आपण दरवर्षी टहाळी आणि पालापाचोळा जाळतो. त्याने तण मरते हे खरे, पण मातीत जायला हवा तो सेंद्रिय भाग धुरात जातो. निदान बांधावरचा पाला तरी जाळू नका. पहिला पाऊस पडला की गिरिपुष्पाच्या जून फांद्यांचे हातभर-दोन हात तुकडे बांधावर खोचा.